झाकली मूठ आणि उघडी वही
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका माध्यमिक शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात कोणीतरी वक्ता तालीमचे महत्त्व सांगतो, आपण टाळ्या वाजवतो, चहा पितो आणि घरी जातो. मला या वर्षी बोलण्याचा हुकूम झाला तेव्हा मीही तसेच एखादे भाषण लिहावयास बसलो होतो. पण लिहिता लिहिता मला वाटले की, तालीमचे महत्त्व आता येथे कोणाला पटवून द्यावयाचे राहिलेले नाही. ते पटले आहे म्हणूनच आपण रोजगार बुडवून येथे आला आहात. तेव्हा आज मी एक लहानसा, रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे हिशेब. अधिक नेमके सांगावयाचे तर, आपण जे काम रोज करतो ते, आणि त्या कामाचे जे आकडे आपण लिहितो ते, या दोहोंची एकमेकांशी गाठ कशी घालावी, आणि ती घातली नाही तर काय होते, हा माझा विषय आहे.

या विषयावर बोलण्याचा मला काय अधिकार? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर नाही. माझा अधिकार एवढाच की, मी या बाबतीत एक मोठी चूक केली आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे विद्यार्थ्यांचे एक भांडार माझ्याकडे सोपवलेले होते. वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या असा माल असे. मधल्या सुट्टीत नववीचा एक मुलगा कपाट उघडून विक्री करी आणि पैसे डब्यात टाकी. चावी त्याच्याकडे होती. मुलगा हुशार व चुणचुणीत होता, म्हणूनच मी त्याला निवडले होते. सप्टेंबर महिन्यात मी हिशेबाला बसलो. जूनमध्ये खरेदी केलेल्या वह्या 360. डब्यातील पैशांवरून विकलेल्या वह्या 289. म्हणजे कपाटात 71 वह्या हव्यात. मोजल्या, तर 40 निघाल्या. 31 वह्या कमी. वीस रुपयांप्रमाणे 620 रुपये.

रक्कम मोठी नव्हती, पण मी वर्गात त्या मुलाला उभे केले. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, एवढेच. "चावी तुझ्याकडे, मग वह्या गेल्या कुठे?" हे मी विचारले, आणि ज्या आवाजात विचारले त्या आवाजाने बाकीचे काम केले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. रिक्षा चालवणारा माणूस. त्यांनी घडी केलेल्या नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "सर, पोरगा नाही म्हणतो. मी त्याला ओळखतो. पण संस्थेचा पैसा माझ्या दारात अडकायला नको." मी पैसे घेतले. पावतीही दिली. त्या पावतीवर काय लिहिले होते, ते आठवले की आजही मान खाली जाते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालयातील कपाट साफ करताना सुतळीने बांधलेला वह्यांचा एक गठ्ठा सापडला. न सोडलेला. त्यात 25 वह्या होत्या. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. एका दात्याने गरजू मुलांसाठी वह्या देण्याचे कबूल केले होते. गठ्ठा यायला उशीर झाला, म्हणून जूनमध्ये पाचवीच्या 25 मुलांना मी स्वतः भांडारातून वह्या काढून दिल्या. मनात म्हटले, दात्याचा गठ्ठा आला की भरून टाकू. गठ्ठा आला, शिपायाने कपाटात ठेवला, आणि मी विसरलो. मग वक्तृत्व स्पर्धेच्या कागदांत पाहिले, तर बक्षिसांसाठी पाच वह्या मीच नेल्या होत्या. पंचवीस आणि पाच, तीस झाल्या. एकतिसावी वही आजतागायत सापडलेली नाही. तिचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.

आता मला सांगा, येथे चोरी कोणी केली? कोणीही नाही. वह्या योग्य हातांत गेल्या होत्या. काम चांगलेच झाले होते. हिशेबाची बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. तरीही एका निरपराध मुलावर आळ आला. कारण काम एका ठिकाणी झाले आणि हिशेब दुसऱ्या ठिकाणी झाला. जूनमध्ये वही कपाटातून निघाली, आणि सप्टेंबरात मी तिची आठवण काढली. या तीन महिन्यांच्या फटीत आळ शिरला.

माझ्या भाषणाचे सार येथेच आहे. काम आणि त्याची नोंद यांच्यात जेवढे अंतर, तेवढी संशयाला जागा. हे अंतर कमी करणे यालाच कारभारातील पारदर्शकता म्हणतात. हा शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो आणि तो मंत्र्यांसाठी आहे असे समजतो. परंतु तो आपल्या दुकानासाठी, होडीसाठी, बागेसाठी आणि घरासाठीही आहे.

हिशेब ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. आपण ज्या मराठीत हिशेब करतो तिचेच शब्द पाहा. हिशेब, जमा, वसूल, बाकी, रक्कम, तारीख हे सारे शब्द अरबीतून, फारसीच्या मार्गाने मराठीत आले आणि खेड्यातील कुळकर्ण्याच्या दप्तरात जाऊन बसले. रोजच्या व्यवहाराच्या वहीला कीर्द म्हणत, आणि त्या कीर्दीवरून माणसागणिक, मालागणिक खाती पाडली की तिला खतावणी म्हणत. जुन्या दुकानदाराचा नियम असा की, दिवस मावळल्यावर कीर्द पुरी केल्याशिवाय आणि शिल्लक मोजून मेळ घातल्याशिवाय उठावयाचे नाही. म्हणून तर त्या वहीला रोजमेळ असेही नाव पडले. मेळ हा शब्द लक्षात ठेवा. वहीतील आकडा आणि गल्ल्यातील पैसा यांचा रोज मेळ.

आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल की, कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत ही सूरह बकरामधील 282 वी आयत आहे. ती कशाविषयी आहे? ती मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्यास कंटाळू नका, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. आपण ती आयत तिलावतीत वाचतो, आणि बाहेर येऊन सख्ख्या भावाशी भागीदारी करताना म्हणतो, "आपसात कसली लिखापढी?"

इकडे युरोपात 1494 साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंदीच्या पद्धतीचे वर्णन केले. ती पद्धत त्याने शोधली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी ती वापरीतच होते. त्याने ती नीट मांडून छापली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, एकीकडे आले तर दुसरीकडे कोठून आले तेही दिसले पाहिजे, हे तिचे मर्म. माझ्या भांडारात एवढे एकच तत्त्व असते, म्हणजे कपाटातून वही निघाली तर ती कोणाच्या नावे निघाली हे लिहिलेले असते, तर त्या मुलाची मान खाली गेली नसती.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ही पुस्तकातील गोष्ट झाली. तर आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. मुंबईचे डबेवाले. 1890 च्या सुमारास सुरू झालेला हा व्यवसाय. घरातून निघालेला डबा अनेक हातांतून, आगगाडीतून जातो आणि दुपारी बरोबर त्याच माणसाच्या टेबलावर पोहोचतो. हे कसे होते? डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांची खूण असते. डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जायचा, हे सारे त्या खुणेत. या मंडळींतील बहुतेकांचे शालेय शिक्षण बेताचेच. पण त्यांना एक गोष्ट कळली आहे, जी मला बी.एड. होऊनही कळली नव्हती. माहिती कार्यालयातील वहीत ठेवावयाची नाही. ती डब्याबरोबर चालली पाहिजे. ज्याच्या हातात डबा, त्याच्या डोळ्यासमोर माहिती.

दुसरे उदाहरण दुधाचे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1946 साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, तोच पुढे अमूल या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच्या यशाची कारणे पुष्कळ आहेत. पण त्यातील एक कारण सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संकलन केंद्रावर दिसते. बाई चरवी घेऊन येते, तिच्यासमोर दूध मोजले जाते, त्याचा नमुना घेऊन फॅट तपासली जाते, आणि लिटर व फॅट यांवरून तिचे पैसे ठरतात. तो आकडा तिच्या पुस्तकात लिहिला जातो, आता बऱ्याच ठिकाणी यंत्रातून छापील चिठ्ठी मिळते. दूध घालणे हे काम आणि दुधाचा हिशेब हे दोन्ही एकाच उंबऱ्यावर, एकाच मिनिटात. पूर्वीचा दलाल "तुझे दूध पातळ आहे" म्हणे, आणि तिला गप्प बसावे लागे. आता तिच्या हातात आकडा आहे. आकडा हातात असलेल्या माणसाला सहजासहजी गप्प करता येत नाही.

तिसरे उदाहरण मुलांसाठी. बिस्किटाच्या पुड्यावर तुम्ही काळ्या उभ्या रेघा पाहता. अशा रेघा यंत्राने वाचून केलेली पहिली विक्री 26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी एका दुकानात झाली. वस्तू होती च्युइंगमचा पुडा. या रेघांची गंमत अशी की, बिल करणे आणि मालाची नोंद करणे ही दोन कामे राहिली नाहीत. पुडा यंत्रापुढून गेला की बिलात किंमत चढते, आणि दुकानाने तशी व्यवस्था केली असेल तर त्याच क्षणी साठ्यातून एक नग कमी होतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या दुहेरी नोंदीचेच हे नवे रूप, फक्त विसरण्याची सोय काढून टाकलेली.

आता आपल्या दाराशी येऊ. येथे बसलेल्या कित्येक घरांत हापूसची कलमे आहेत. आपण पेट्या भरतो, वाशीच्या बाजारात पाठवतो, आणि काही दिवसांनी पट्टी येते. पट्टीत विक्रीचा दर, भाडे, हमाली वगैरे वजा जाता उरलेली रक्कम असते. समजा, आपण 60 पेट्या पाठवल्या आणि पट्टीत आठ पेट्यांचा माल खराब निघाल्याचे लिहून आले. आपण काय करतो? दलालाला शिव्या देतो. ट्रकवाल्यावर संशय घेतो. पेट्या भरणाऱ्या बायांना बोल लावतो. पण आपल्याकडे पुरावा काहीच नाही, कारण साठही पेट्या आपल्याला सारख्याच दिसतात.

आता समजा, प्रत्येक पेटीवर एक ते साठ असा क्रमांक घातला, आणि घरच्या वहीत लिहिले की एक ते वीस या पेट्या कोणत्या तारखेला, कोणत्या कलमांच्या, कोणी काढल्या, कोणी भरल्या. मग एकवीस ते तीस, आणि पुढे तसेच. दलालाला सांगितले की, खराब पेट्यांचे क्रमांक कळवा. उत्तर आले की आठही पेट्या एकवीस ते तीस यांमधल्या. वही उघडली, तर त्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता आणि ओला आंबा पुसून न वाळवता तसाच भरला गेला होता. आता दलालावर राग नाही, बायांवर संशय नाही, आणि पुढच्या वर्षी काय करावयाचे हेही कळले. उलट खराब पेट्यांचे क्रमांक जर कोणी सांगूच शकत नसेल, किंवा रोज वेगळे सांगत असेल, तर विचारण्याचा हक्क आपल्याला प्राप्त झाला. हिशेब हा चोर पकडण्यासाठी असतो असे आपण समजतो. त्याहून अधिक तो चूक पकडण्यासाठी असतो, आणि सर्वांत अधिक तो निरपराधाला सोडवण्यासाठी असतो.

आपल्या पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष आखातात आहे. तेथील एक गोष्ट सांगतो. संयुक्त अरब अमिरातीने 2009 साली वेतन संरक्षण पद्धती सुरू केली. मालकाने पगार रोख हातात न देता बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या मार्फत द्यावयाचा, आणि कोणाला किती दिला ही माहिती सरकारी यंत्रणेकडे जावयाची. म्हणजे पगार देणे हे काम आणि पगार दिल्याची नोंद यांची गाठ घातली गेली. तीन महिने पगार थकला तर पूर्वी कामगाराचा शब्द आणि मालकाचा शब्द एवढेच होते. आता तिसरा साक्षीदार उभा राहिला. या पद्धतीने सगळ्या तक्रारी मिटल्या असे मी म्हणणार नाही. पण ज्यांचे वडील, भाऊ तेथे आहेत त्या मुलांना मी सांगेन, फोनवर "पैसे पाठवले का?" एवढेच विचारू नका. "पगाराची चिठ्ठी जपून ठेवता का? करारात लिहिलेला आकडा आणि खात्यात आलेला आकडा एकच आहे का?" हेही विचारा. तुमच्या शिक्षणाचा वडिलांना झालेला तो पहिला उपयोग ठरेल.

आणि मोठ्या, सार्वजनिक कारभाराचे काय? राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटन ही 1990 साली स्थापन झालेली संघटना. दुष्काळी कामांवर मजुरांना ठरलेली मजुरी पुरी मिळत नसे. विचारले की उत्तर मिळे, तुम्ही काम कमी केले. कागद दाखवा म्हटले की, तो सरकारी कागद आहे. डिसेंबर 1994 पासून या संघटनेने गावोगाव जनसुनवाई भरवण्यास सुरुवात केली. मिळवलेले हजेरीपट व बिले भर सभेत मोठ्याने वाचली. हजेरीपट वाचला की ज्याचे नाव तो उठून सांगे, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कोणी सांगे, हा माणूस तर कधीच वारला. कागद कार्यालयात होता तोवर तो खरा होता. ज्यांनी काम केले त्यांच्यासमोर तो वाचला गेला, तेव्हा तो खोटा ठरला. अशा लढ्यांतूनच माहितीच्या अधिकाराची मागणी मोठी झाली. महाराष्ट्राने 2002 चा आपला कायदा केला, आणि देशभराचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. शिकण्यासारखी गोष्ट ही की, ज्यांनी हे केले त्यांतील कित्येकांना वाचता येत नव्हते. त्यांना फक्त एवढे कळले होते की, कामाचा आकडा काम करणाऱ्याच्या कानावर पडलाच पाहिजे.

आता माझ्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, घरात, नात्यात हिशेब मागितला तर मने दुखावतात. मी म्हणतो, मने हिशेब मागितल्याने दुखावत नाहीत, उशिरा मागितल्याने दुखावतात. रोज लिहिणाऱ्या भावाला कोणी हिशेब विचारीत नाही, कारण वही खिळ्याला टांगलेली असते. दहा वर्षे तोंडी चालते, आणि मग वाटणीच्या दिवशी एकदम हिशेब निघतो. त्या दिवशी दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांनाही दुसरा खोटा वाटतो. आपल्या वडीलधाऱ्यांची म्हण आहे, हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ. हिशेब दाण्यादाण्याचा ठेवा, आणि देताना शंभर द्या. भावाला सूट जरूर द्या. पण किती सूट दिली, हे दोघांनाही माहीत असू द्या.

दुसरा आक्षेप असा की, झाकली मूठ सव्वा लाखाची. धंद्याचे आकडे सर्वांना कशाला दाखवायचे? खरे आहे. आपली उधारी, आपली शिल्लक चव्हाट्यावर मांडा असे मी म्हणत नाही. कोणाचे कर्ज दुसऱ्याला सांगणे ही तर बेअदबी आहे. पारदर्शकता म्हणजे सर्वांना सर्व दाखवणे नव्हे. ज्याचा घाम ज्या आकड्यात आहे, त्याला तो आकडा दिसणे, एवढाच तिचा अर्थ. शिवणकाम करणाऱ्या बाईला तिने किती झंपर शिवले आणि किती मजुरी झाली हे दिसले पाहिजे. तुमच्या बँकेची शिल्लक तिला दिसण्याचे कारण नाही. आणि ही खिडकी दोन्ही बाजूंनी उघडी हवी. मालक मजुराच्या मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो आणि मजुरीचा हिशेब मात्र झाकून ठेवतो, त्याला मी पारदर्शकता म्हणणार नाही. ती पाळत झाली.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा. मुले मला म्हणतात, "सर, आता सगळे मोबाईलमध्ये असते. वही कशाला?" गोष्ट खरी आहे. 2016 साली युपीआय आले, आणि आज मासळीवालीच्या टोपलीजवळही तो काळा-पांढरा चौकोन असतो. पैसे आले की डबी मोठ्याने बोलते. पण ती डबी काय बोलते? किती रुपये आले ते बोलते. कशाचे आले ते ती बोलत नाही. ते पापलेटचे की मागच्या उधारीचे, ते आपणच लिहिले पाहिजे. यंत्र आकडा ठेवते, अर्थ माणसाने जोडायचा असतो. आणि खोटा किंवा अर्धा आकडा यंत्रात घातला तर तो खरा होत नाही, फक्त अधिक रुबाबदार दिसतो. माझ्या भांडारात संगणक असता, तरी त्यानेही 31 वह्या कमी हेच सांगितले असते, आणि मी त्या मुलाला आणखी ठामपणे उभे केले असते.

तेव्हा पालकहो, मी आपल्याला चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, नोंद कामाच्या जागीच ठेवा. पेटीची नोंद पेटीजवळ, गल्ल्याची गल्ल्याजवळ. दुसरी, नोंद काम करणाऱ्यानेच, त्याच वेळी करावी. रात्री आठवून नव्हे. तिसरी, रोज मेळ घाला, आणि मेळ बसला नाही तर तो फरक तसाच लिहून ठेवा, दडवू नका. लिहिलेला फरक उद्या सापडतो, दडवलेला फरक वर्षाने भांडण होऊन बाहेर येतो. चौथी, ज्याचा संबंध आहे त्याला वही वाचू द्या. यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. सातवीच्या मुलीला हे सहज जमते. तिच्याकडे घरची कीर्द सोपवून पाहा. तिचे गणितही सुधारेल, आणि आंधळे दळते अन् कुत्रे पीठ खाते अशी जी कित्येक घरांची स्थिती आहे, तीही बदलेल. एरवी मुली भाकरी मोजतात, मग पैसे मोजायला काय हरकत आहे?

शेवटी, त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. गठ्ठा सापडला त्याच संध्याकाळी मी 620 रुपये घेऊन त्याच्या घरी गेलो. वडिलांनी पैसे मोजून घेतले, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "पैसे मिळाले, सर. पण वर्गात त्याचं नाव ज्या आवाजात घेतलंत, त्याच आवाजात आता परत घ्या." हा हिशेबाचाच शब्द होता. जेवढे नावे लिहिले, तेवढे जमा करा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, मी माझी चूक सांगितली आणि त्याची माफी मागितली. मुले अगदी गप्प होती. मग मी त्याला भांडाराची चावी पुन्हा देऊ केली. त्याने ती घेतली नाही. तो म्हणाला, "चावी दुसऱ्या कोणाला द्या, सर. मी वही लिहीन."

त्या दिवसापासून ती वही कपाटाच्या दाराला दोरीने बांधली गेली. कपाट उघडल्यावर ती आपोआप हाताला लागे. एकही वही, एकही पेन्सिल तिच्यात लिहिल्याशिवाय बाहेर जात नसे. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी कार्यालयासाठी एक पेन मागवले, तर त्या मुलाने शिपायाकडून सही घेतली. आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी घाईत खडूची एक पेटी उचलून निघालो होतो, तेव्हा त्याने मला दारात थांबवले आणि वही पुढे केली. मी सही केली. त्या सहीइतका आनंद मला कोणत्याही सहीने झालेला नाही.

त्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने मी आज हे बोललो आहे.  घरी गेल्यावर एक वही, एक पेन आणि एक खिळा, एवढ्या तीन वस्तूंची सोय करा. बाकीचे आपली मुले करतील.

खुदा हाफिज.